पार्टनर विमानाचं अवॉर्ड तिकीट: दर कोण ठरवतं आणि जागा कोण देतं? पुणेकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कार्डावर पॉइंट साठवण्यात पुणेकर तसा मागे नाही. किराणा, मुलांची फी, सोसायटीचा मेंटेनन्स, जे जे कार्डावर टाकता येतं ते टाकून झालेलं असतं. पॉइंट एअरलाइनच्या माइल्समध्ये वळवायची वेळ आली की प्रश्न सुरू होतात, आणि त्यातले निम्मे पार्टनर विमानांच्या दराबद्दलचे असतात. ते इथे एकत्र केले आहेत.

पार्टनर अवॉर्ड म्हणजे नक्की काय?

माइल्स एका कंपनीचे, विमान दुसऱ्या कंपनीचं. उदाहरणार्थ, सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरचे माइल्स देऊन टर्किशच्या विमानाने इस्तंबूलला जाणं, किंवा ब्रिटिश एअरवेजचे एव्हिऑस देऊन कतारने दोह्याला जाणं. यामागे मुख्यतः तीन अलायन्स, म्हणजे विमान कंपन्यांचे गट, आहेत: स्टार अलायन्स (१९९७), वनवर्ल्ड (१९९९) आणि स्कायटीम (२०००). एअर इंडिया जुलै २०१४ पासून स्टारमध्ये आहे. त्यामुळे पुण्याहून निघणाऱ्याला बहुतेक वेळा स्टारचेच माइल्स सोयीचे पडतात. कारण पुढे येईलच.

अलायन्सच्या बाहेरही दोस्ती असते. एमिरेट्स कुठल्याच अलायन्समध्ये नाही, तरी एअर कॅनडाच्या एरोप्लॅन पॉइंट्सवर तिचं तिकीट मिळतं. आणि अलायन्स म्हणजे काही जन्माची गाठ नव्हे. स्कँडिनेव्हियाची एसएएस स्टारच्या संस्थापकांपैकी एक होती, ती सप्टेंबर २०२४ मध्ये उठून स्कायटीममध्ये गेली. जुनी यादी पाहून बेत आखू नका.

मग दर कोण ठरवतं? ज्याचं विमान तो, की ज्याचे माइल्स तो?

ज्याचे माइल्स तो. या पानावरचं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: दर माइल्सवाला ठरवतो, जागा विमानवाला देतो. पुढची बहुतेक उत्तरं यातूनच निघतात.

मुंबई ते फ्रँकफर्ट लुफ्तान्साचं एक विमान घ्या. त्यातल्या एकाच इकॉनॉमी सीटसाठी क्रिसफ्लायर एक आकडा मागेल, युनायटेड दुसरा, एरोप्लॅन तिसरा आणि लुफ्तान्साचा स्वतःचा कार्यक्रम (म्हणजे माइल्सची योजना) चौथा. सीट तीच आणि जेवणही तेच. लुफ्तान्साने त्या सीटचे आतल्या आत काय पैसे घ्यायचे, हे त्यांच्या आपसातल्या करारात ठरलेलं असतं आणि ते आपल्याला कधी कळत नाही. आपल्याकडून किती माइल्स काढायचे, हे मात्र ज्याच्या त्याच्या मर्जीवर.

म्हणून "फ्रँकफर्टला किती माइल्स लागतात?" या प्रश्नाला उत्तरच नाही. "कुणाचे माइल्स?" हे आधी सांगावं लागतं.

हा दर काढतात कसा?

ढोबळमानाने तीन पद्धती आहेत.

पहिली, प्रदेशाची. जगाचे तुकडे पाडलेले असतात आणि या तुकड्यातून त्या तुकड्यात जायला अमुक माइल्स, असा तक्ता असतो. स्टारच्या पार्टनर विमानांसाठी क्रिसफ्लायरचा तक्ता असा आहे. यात पुणे, दिल्ली, चेन्नई सगळे एकाच प्रदेशात. युरोपातलं कुठलं शहर, याने फारसा फरक पडत नाही.

दुसरी, अंतराची. किती मैल उडणार त्यावर दर. हे मैल साधे, १.६ किलोमीटरचे. पण इथे एक बारीक गोष्ट आहे, तिच्याकडे दुर्लक्ष केलं तर हिशोब चुकतो: अंतर एकूण मोजतात की प्रत्येक विमानाचं वेगळं? एव्हिऑसमध्ये साधारणपणे प्रत्येक विमानाचं वेगळं मोजतात. मुंबईहून लंडनला थेट गेलात तर साधारण ४,४८० मैलांचा एकच दर लागतो. दोह्यामार्गे गेलात तर मुंबई–दोहा सुमारे १,४०० मैल आणि दोहा–लंडन सुमारे ३,२५० मैल, असे दोन दर लागून त्यांची बेरीज होते. म्हणून एव्हिऑस थेट आणि जवळच्या विमानांना बरे, तीन-तीन टप्पे करत जाणाऱ्याला महाग. एरोप्लॅन आणि कॅथेचे एशिया माइल्स एकूण अंतर धरतात. एरोप्लॅनमध्ये तर दोन्हींचं मिश्रण आहे: आधी प्रदेश बघतात आणि त्या प्रदेशांमधल्या तक्त्यात अंतराच्या पायऱ्या असतात.

तिसरी, बाजारभावाची, म्हणजे डायनॅमिक. तक्ता नाही. आज एक आकडा, उद्या दुसरा. डेल्टाने २०१५ मध्ये तक्ते काढून टाकले. युनायटेडने आधी स्वतःच्या विमानांचा तक्ता मोडीत काढला आणि २०२० मध्ये पार्टनर विमानांचाही. एअर फ्रान्स–केएलएमचं फ्लाइंग ब्लू याच वाटेचं. एरोप्लॅननेही युनायटेड, एमिरेट्स अशा काही पार्टनरांना तक्त्याबाहेर काढलं आहे, बाकीचे अजून तक्त्यात आहेत.

माझं मत विचाराल तर तक्ता असलेला कार्यक्रम केव्हाही बरा, जरी आकडा थोडा मोठा दिसला तरी. दोन वर्षं पॉइंट साठवायचे तर कशासाठी साठवतोय हे माहीत असावं.

तक्त्यातला दर एक आणि स्क्रीनवर दुसराच. असं का?

बहुतेक वेळा कारण हे: मधल्या एका टप्प्यावर पार्टनरची जागा नसते, म्हणून साइट वेगळाच रस्ता जोडून देते. कधी तो रस्ता लांबचा असल्याने अंतराची पुढची पायरी लागते. कधी तिसऱ्या प्रदेशातून वळसा असतो. आणि कधी त्यात एखादं विमान कार्यक्रमाच्या स्वतःच्या कंपनीचं असतं, त्याला वेगळा तक्ता लागतो. पूर्ण प्रवास एकदम न शोधता एकेक टप्पा सुटा शोधून पाहा. कुठे अडलंय ते लगेच कळतं.

पुणे–दिल्ली टप्पा फुकटात जोडता येतो म्हणतात. खरं आहे का?

हो. पुणेकराच्या दृष्टीने या सगळ्या भानगडीतली ही सर्वांत कामाची गोष्ट आहे, म्हणून जरा सविस्तर.

लोहगावहून बाहेरदेशी जाणारी विमानं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. कधीकाळी लुफ्तान्साचं छोटं, सगळ्या सीट बिझनेस क्लासच्या असलेलं विमान इथून थेट फ्रँकफर्टला जायचं, पण ते दिवस गेले. २०२४ मध्ये नवं टर्मिनल झालं, तरी युरोप-अमेरिकेला जायला दिल्ली किंवा मुंबई सुटत नाही. म्हणजे एकतर द्रुतगती मार्गाने टॅक्सी, नाहीतर देशांतर्गत विमान.

आता प्रदेशाच्या तक्त्यात पुणे आणि दिल्ली एकाच खान्यात आहेत. त्यामुळे पुणे–दिल्ली एअर इंडियाने आणि दिल्ली–झुरिक स्विसने, असं एकाच अवॉर्ड तिकिटावर घेतलं तर माइल्स तेवढेच लागतात, जेवढे नुसत्या दिल्ली–झुरिकला लागले असते. अंतराच्या तक्त्यात पुणे–दिल्लीचे सातशे-एक मैल वाढतात. ते त्याच पायरीत बसले तर ठीक, पायरी ओलांडली तर भुर्दंड.

फायदा नुसत्या माइल्सचा नाही. एकाच तिकिटावर सामान लोहगावला टाकलं की शेवटच्या मुक्कामापर्यंत टॅग लागतो. आणि पुण्याचं विमान उशिरा निघून पुढचं चुकलं, तर दुसरी सोय करून देणं ही कंपनीची जबाबदारी. हेच पुणे–दिल्ली तुम्ही वेगळं, स्वस्त मिळालं म्हणून इंडिगोचं काढलंत आणि ते धुक्यात अडकलं, तर स्विसच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचं धुकं काय करतं हे सांगायला नको.

अट एकच: त्या पुणे–दिल्ली विमानात एअर इंडियाने पार्टनरसाठी जागा सोडलेली असली पाहिजे. सकाळच्या विमानात नसेल तर रात्रीच्यात बघा, किंवा आदल्या संध्याकाळच्या. बहुतेक कार्यक्रमांत आंतरराष्ट्रीय प्रवासाच्या मधला थांबा २४ तासांच्या आत असेल तर तो नुसता लेओव्हर, म्हणजे विमान बदलण्यापुरता थांबा, धरतात, त्याला जादा काही लागत नाही.

वनवर्ल्ड आणि स्कायटीमला भारतात एअर इंडियासारखा सदस्य नाही, म्हणून स्टारचे माइल्स पुणेकराला सोयीचे असं वर म्हटलं. एव्हिऑसवाल्याने सरळ मुंबईपर्यंतची टॅक्सी धरावी आणि घाटातल्या कोंडीसाठी हातचे दोन तास ठेवावेत.

लुफ्तान्साच्या साइटवर जागा दिसते, माझ्या कार्यक्रमात दिसत नाही. फसवतात का?

फसवत नाहीत, पण सगळं उघड करून सांगतही नाहीत. विमानवाला आपल्या जागांचे कप्पे करतो. पैसे देऊन विकायच्या जागा वेगळ्या, स्वतःच्या सदस्यांना माइल्सवर द्यायच्या वेगळ्या, आणि पार्टनरच्या सदस्यांना द्यायच्या वेगळ्या. बालगंधर्वला हाऊसफुल्लचा बोर्ड लागतो आणि तरी पहिल्या रांगेतल्या चार खुर्च्या निर्मात्याच्या हातात असतात, त्यातलाच प्रकार. तुमच्या आधी घरची माणसं बसतात.

स्टारमध्ये पार्टनरसाठीच्या कप्प्यांना ठरावीक अक्षरं आहेत: इकॉनॉमीला एक्स, बिझनेसला आय, फर्स्टला ओ. हे दाखवणाऱ्या सेवेत एखादं विमान उघडलंत आणि "एक्स ४, आय ०" असं दिसलं, तर चार जण इकॉनॉमीत जाऊ शकतात आणि बिझनेसमध्ये कुणीच नाही. मग त्याच विमानात बिझनेसच्या वीस सीट रिकाम्या का असेनात.

काही कंपन्या या बाबतीत चांगल्याच हात आखडता घेतात. सिंगापूर एअरलाइन्सच्या लांब पल्ल्याच्या बिझनेस क्लासमध्ये पार्टनरला सहसा जागा मिळत नाही. तिथे बसायचं असेल तर क्रिसफ्लायरचेच माइल्स हवेत. पॉइंट कुठे वळवायचे हे अशा गोष्टींवरून ठरवावं, वरवरच्या दरावरून नव्हे.

याच्या उलटही होतं. जागा दिसते, बुक करायला गेलं की "उपलब्ध नाही". याला फँटम जागा म्हणतात. साइटवर जुनी माहिती अडकून राहिलेली असते. त्याच अलायन्समधल्या दुसऱ्या कार्यक्रमाच्या साइटवर तेच विमान शोधा. दोन्हीकडे दिसलं तर जागा बहुधा खरी.

माइल्स दिले, तरी वर चाळीस-पन्नास हजार रुपये कसले?

त्या रकमेत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र असतात, त्या सुट्या करून बघायला शिका.

एक भाग खराखुरा कर आणि विमानतळ शुल्क. तो सरकारला आणि विमानतळाला जातो, त्यातून सुटका नाही. दुसरा भाग कंपनीचा स्वतःचा सरचार्ज. तिकिटाच्या तपशिलात तो वायक्यू किंवा वायआर या कोडखाली येतो. नाव पूर्वीपासून इंधन अधिभार, पण तेल उतरलं म्हणून तो उतरेलच असं नाही. माझ्या मते हा भाड्याचाच एक तुकडा आहे. नुसता वेगळ्या नावाने लावलेला.

इथे दोन्ही बाजूंचं बघावं लागतं. विमानवाला हा सरचार्ज लावतो का, आणि माइल्सवाला तो आपल्याकडून वसूल करतो का? लुफ्तान्सा आणि ब्रिटिश एअरवेज भरपूर लावतात. युनायटेड आणि एरोप्लॅन पार्टनरचा सरचार्ज सदस्याकडून घेत नाहीत. क्रिसफ्लायरने २०१७ मध्ये स्वतःच्या विमानांवरचा काढून टाकला, पार्टनरचा मात्र घेतात. म्हणजे लुफ्तान्साच्या त्याच सीटवर एकाकडे किरकोळ कर भरून सुटका आणि दुसऱ्याकडे खिशाला चांगलीच चाट.

लंडनची आणखी एक गोष्ट. ब्रिटनमधून निघताना एअर पॅसेंजर ड्यूटी लागते, कोड जीबी. इकॉनॉमीपेक्षा वरच्या वर्गात ती जास्त असते. जाताना लागत नाही. आणि एकाच तिकिटावर २४ तासांच्या आत लंडनमार्गे पुढे गेलात तरी लागत नाही. त्यामुळे जाताना लंडन आणि येताना पॅरिस किंवा ॲमस्टरडॅम, असा बेत लोक आखतात तो उगाच नाही.

कमी माइल्स म्हणजे स्वस्त, हे तरी खरं ना?

तेही नाही. कागद-पेन घ्या. आकडे समजण्यापुरते आहेत.

समजा रोख तिकीट ९०,००० रुपयांचं आहे. पहिल्या कार्यक्रमात ३०,००० माइल्स आणि १४,००० रुपये लागतात. ९०,००० मधून १४,००० वजा केले, उरले ७६,०००. भागिले ३०,०००, म्हणजे एका माइलला सुमारे २ रुपये ५३ पैसे मिळाले. दुसऱ्या कार्यक्रमात २०,००० माइल्स आणि ४२,००० रुपये. उरले ४८,०००, भागिले २०,०००, म्हणजे २ रुपये ४० पैसे. दहा हजार माइल्स वाचल्यासारखे वाटले, पण खिशातून २८,००० जास्त गेले.

आता तेच पॉइंट कार्डाच्या साइटवर एका रुपयाला एक असे वापरता येत असतील तर दोन्ही सौदे चांगलेच. पण कार्डाचे दोन पॉइंट देऊन एक माइल मिळत असेल, तर भागाकार पॉइंटच्या हिशोबाने करा. वरचे २.५३ लगेच १.२७ वर येतात. कार्डागणिक हे प्रमाण वेगळं असतं आणि बँका ते बदलत राहतात.

बिझनेस क्लासच्या बाबतीत लोक स्वतःची गोड फसवणूक करून घेतात. "साडेतीन लाखांचं तिकीट मिळवलं, माइलला पाच रुपये सुटले!" अहो, पण साडेतीन लाख तुम्ही कधी मोजणार होता का? जेवढे मोजले असते तेवढेच भाज्य म्हणून धरा.

आधी पॉइंट ट्रान्सफर करून ठेवावेत का?

नाही. ट्रान्सफर एकदा केली की परत येत नाही, आणि माइल्स यायला काही मिनिटं ते काही दिवस लागू शकतात. आधी जागा दोन ठिकाणी तपासा, मग ट्रान्सफर. कार्यक्रमातलं खातं मात्र आजच उघडा, आणि त्यातलं नाव कार्डावरच्या आणि पासपोर्टवरच्या नावाशी जुळू द्या. वडिलांचं नाव मध्ये घालायचं की नाही, यावरून मराठी माणसाची ट्रान्सफर हमखास अडते.

मुलगी न्यू जर्सीत आहे, तिच्याकडे युनायटेडचे माइल्स आहेत. आम्हा दोघांचं पुण्याहून तिकीट ती काढू शकते का?

काढू शकते. युनायटेडमध्ये दुसऱ्या कुणाचंही तिकीट काढता येतं, आणि सरचार्ज नसल्याने वरची रक्कमही कमी असते. तिला सांगा, शोध मुंबईपासून नाही, पुण्यापासून सुरू कर. पुणे–दिल्ली एअर इंडिया आणि पुढे जे मिळेल ते. युनायटेडचा तक्ता नसल्यामुळे चार-पाच तारखा पुढे-मागे करून बघायला लागेल. आकड्यात चांगलाच फरक पडू शकतो.

आई-वडिलांसाठी शोधताना मी सर्वांत कमी माइल्सचा पर्याय सहसा घेणार नाही. त्यात बहुधा दोन-तीन थांबे असतात आणि मध्यरात्री परक्या विमानतळावर टर्मिनल बदलायचं असतं. एक थांबा, तीन-चार तासांची सवड, आणि व्हीलचेअरची नोंद आधीच केलेली. त्यासाठी दहा हजार माइल्स जास्त गेले तर जाऊ द्यावेत.

सगळेच कार्यक्रम एवढे मोकळे नाहीत. क्रिसफ्लायरमध्ये पाच जणांची नावं आधी नोंदवावी लागतात, आणि तिकीट स्वतःचं किंवा त्यांचंच काढता येतं. जपानच्या एएनएमध्ये जवळचे नातेवाईक सोडून कुणाला देता येत नाही.

कधी शोधायचं?

बहुतेक कंपन्या साधारण ३३० ते ३६० दिवस आधी तारखा उघडतात. मे महिन्याची सुट्टी, दिवाळी आणि नाताळ यासाठी तेव्हाच बघा. नाहीतर शेवटचे दोन-तीन आठवडे, जेव्हा न खपलेल्या जागा सोडल्या जातात. मधल्या काळात नशीब. चार जणांचं कुटुंब एकाच विमानात माइल्सवर बसवणं अवघडच असतं. दोन-दोन करून दोन दिवसांत जायची तयारी ठेवा.

बिझनेसचे माइल्स घेतले आणि एक टप्पा इकॉनॉमीचा दिला. चालतं का?

चालतं, सर्रास होतं. दर साधारणपणे सगळ्यांत वरच्या वर्गाचा लागतो. पुणे–दिल्ली इकॉनॉमीत बसून काही बिघडत नाही. मात्र लांबचा टप्पा इकॉनॉमीत आणि जवळचा बिझनेसमध्ये असेल तर तिकीट घेऊ नका. शोधाच्या निकालात हे बारीक अक्षरात असतं, प्रत्येक विमानासमोरचा वर्ग वाचा.

तक्ता अचानक बदलला तर?

बदलतो, आणि आपल्या बाजूने क्वचितच. काढलेल्या तिकिटाला धक्का लागत नाही, साठवलेल्या माइल्सना लागतो. क्रिसफ्लायरचे माइल्स तर तसेही तीन वर्षांनी संपतात. साठवायचेच असतील तर ते कार्डावर साठवा.

पीएनआर आला. झालं ना?

अजून नाही. पीएनआर म्हणजे आरक्षण, तिकीट नव्हे. १३ आकडी तिकीट क्रमांक आलाय का बघा. त्याचे पहिले तीन आकडे तिकीट कुणी काढलं ते सांगतात: ०१६ युनायटेड, ६१८ सिंगापूर एअरलाइन्स, १२५ ब्रिटिश एअरवेज, ०९८ एअर इंडिया. पार्टनर तिकिटात हा क्रमांक यायला कधी काही तास लागतात. दिवस उलटूनही आला नाही तर फोन करा, कारण तिकीट न निघालेली जागा विमानवाला काढून घेतो.

मग ज्या कंपनीच्या विमानात बसणार तिचा वेगळा पीएनआर मागून घ्या. सीट आणि शाकाहारी किंवा जैन जेवण तिच्या साइटवर त्यानेच निवडता येतं. विमानाची वेळ बदलली तर मात्र विमानवाल्याकडे जाऊन उपयोग नाही, तो "ज्यांनी तिकीट काढलं त्यांना विचारा" म्हणेल, आणि नियमाने ते बरोबर आहे. पुणे–दिल्लीच्या वेळा हंगाम बदलला की हमखास सरकतात, म्हणून मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटी आरक्षण एकदा उघडून बघा. मधली सवड फारच कमी झाली असेल तर माइल्सवाल्याला फोन करून आधीच्या विमानात बदलून मागा. वेळ कंपनीने बदललेली असल्यामुळे त्यासाठी सहसा जादा माइल्स घेत नाहीत.